काळजीवाहू, शुभंकर की वांगडी?

देवगडहून: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तालुक्याच्या गावी अशा घरच्यांसाठी बैठक होती, आई आणि मी गेलो. दारात कागद भरायचा होता: वर रुग्णाचं नाव, खाली 'काळजीवाहू'. आई हळूच म्हणाली, "म्हणजे दुसरो येयसर आपणच?" रोज बातम्या ऐकते ती. काळजीवाहू म्हटलं की तिला मुख्यमंत्री आठवतो, नवं सरकार येईपर्यंत खुर्ची धरून बसलेला. तिची तर चौदा वर्षं झाली. केअरगिव्हरला बरा मराठी शब्द सुचवा.

ठाण्याहून (मूळ गुहागर): पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत 'शुभंकर' रुळलाय. आजारी माणूस तो 'शुभार्थी', विद्यार्थीच्या चालीवर. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातही हेच दोन शब्द. 'रुग्ण' म्हटलं की माणूस खाटेवर आडवा दिसतो. शुभार्थी स्वतः काही मागतोय, धडपडतोय असं वाटतं.

वेंगुर्ल्याहून: शुभंकर म्हटल्यावर मला 1982 च्या आशियाडचा अप्पू हत्ती दिसतो. काय करू!

रत्नागिरीहून: आधी आमच्या गावाचं नाव सोडवा. ठाणे, येरवडा, नागपूर तसं इथेही प्रादेशिक मनोरुग्णालय. त्यामुळे 'त्याला रत्नागिरीला नेला' म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज बारीक होतो. आम्ही रोज सकाळी रत्नागिरीतच उठतो हो.

देवगडहून: 'शुभार्थी' भावाला ऐकवला. म्हणाला, "माका नावान हाक मार." विषय संपला.

पण बैठकीत खरी अडचण वेगळ्याच शब्दांची निघाली. 'आळशी' आणि 'नाटकं'. समाजसेविका बाईंनी विचारलं, घरी काय म्हणता? आम्ही हेच दोन सांगितले. आंघोळ टाळणं, तासन् तास पडवीत बसून राहणं हीसुद्धा आजाराची लक्षणं, आवाज ऐकू येण्याइतकीच, आणि गोळ्यांनी आवाज थांबले तरी ही मागे रेंगाळतात, हे आम्हाला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही देवाला कौल लावून मोकळे झालो होतो.

ठाण्याहून: लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी 1950 च्या दशकात यावरच काम सुरू केलं. घरात सतत टीका, राग किंवा जिवाला घोर लावून केलेली अतिकाळजी असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, असं पुढे अनेक अभ्यासांत दिसलं. आजार घरच्यांमुळे होतो असा याचा अर्थ नाही, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. टीकेला आपल्याकडे शब्दच शब्द: टोमणे, खोचक बोलणं, घालूनपाडून बोलणं. अतिकाळजीला मात्र 'माया' हा एकच, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

देवगडहून: अगदी. भाऊ छत्तीसचा, आणि आई अजून त्याची पेज फुंकून थंड करून देते. बाईंनी तिला ओरडलं नाही. म्हणाल्या, पेज वाढा, फुंकू त्याला द्या. दुसऱ्या दिवशी आईने ताट ठेवलं आणि हात पदराखाली धरून बसली. त्याचा पहिला घास भाजला. तिने डोळे मिटले, उठली मात्र नाही. आता तो आधी फुंकतो.

वेंगुर्ल्याहून: मग शब्द मिळाला की. आपल्याकडे कोणी डॉक्टरकडे निघालं तर पहिला प्रश्न काय? "वांगडा कोण आसा?" वांगडा म्हणजे सोबत, सोबत असतो तो वांगडी. वाहणं नाही, शुभ करणं नाही, नुसतं बरोबर असणं.

रत्नागिरीहून: घाटावर कोणाला कळणार? वांग्याची भाजी समजतील. 'सोबती' काय वाईट?

देवगडहून: सोबती छान, पण आईला वांगडी आवडला. पुढल्या महिन्याच्या कागदावर 'काळजीवाहू'वर काट मारून 'वांगडा: आवस', म्हणजे सोबत आई, असं लिहिणार आहे. बाई सांगलीच्या आहेत, विचारतील तेव्हा सांगू.