मुलांनी कोणता चित्रपट पाहावा, हे तुमच्या घरी कोण ठरवते? (अनुभव धागा)

कऱ्हाकाठ

सुटीसाठी बहिणीची मुले आमच्याकडे आली आहेत. तिकिटे काढताना चित्रपटाच्या नावापुढे 'यूए १३+' दिसले, आणि धाकटा नऊ वर्षांचा असल्याने घरात जी चर्चा सुरू झाली, तिच्यामुळे गावच्या जत्रेतील तंबू थिएटर आठवले. दाराशी उभा असलेला माणूस तिकीट फाडायचा, वय विचारायचा नाही. मुलांना न्यावे की नाही हा प्रश्न कोणाला पडतच नसे, कारण सगळे घरच तंबूत आल्यावर मुलांना घरी सांभाळणार कोण? नायक आणि नायिका जवळ आले की आई आमच्या डोळ्यांवर पदर ओढायची. पडद्यावर मुडदे पडत असताना मात्र तो पदर जागचा हलत नसे.

१९५२ च्या चित्रपट कायद्यानंतर कित्येक वर्षे 'यू' (सर्वांसाठी) आणि 'ए' (फक्त प्रौढांसाठी) असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३ मध्ये 'यूए' आले आणि बारा वर्षांखालील मुलांबाबतचा विचार पालकांवर सोपवला गेला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग पडले. हे तिन्ही आकडे पालकांसाठी सूचना म्हणूनच आहेत, दारावर अडवले जाते ते 'ए'च्या चित्रपटाला. म्हणजे निर्णय शेवटी स्वयंपाकघरातच होतो. तुमच्याकडे तो कसा होतो, ते लिहा.

रानमोगरा

आमच्याकडे पदराची जागा रिमोटने घेतली, एवढाच काय तो फरक. माझ्या मुलाने चुंबनाचे दृश्य आले की स्वतःच "शी!" म्हणून उशीत तोंड खुपसले आणि दोन मिनिटांत विसरून गेला. १९९४ चा 'द लायन किंग' मात्र आम्ही निर्धास्तपणे लावून दिला होता, कारण तो लहान मुलांचाच चित्रपट. त्यात जनावरांचा कळप उधळतो, बाप मरतो, आणि पिल्लाला वाटते की हे आपल्यामुळेच झाले. त्यानंतर बरेच दिवस ह्यांना कार्यालयातून यायला उशीर झाला की मुलगा गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहायचा. कारण त्याने स्वतःहून सांगितले नाही, मोठ्या मुलीने सांगितले. बाकी पोळ्या झाल्यावर लिहिते.

टपरीवरचा

आमच्या टीव्हीला 'पिन' आहे. तो आईच्या जन्मसालाचा आहे, हे घरात फक्त आईला माहीत नाही.

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यातील एका लहान शाळेत शिकवतो. शनिवारी प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवण्याची आमची पद्धत आहे, आणि आधी मी तो घरी पूर्ण पाहून घेतो. 'श्वास' (२००४) चौथीच्या मुलांना दाखवावा की नाही, यावर आम्हा शिक्षकांत दोन तट पडले होते. कोकणातील परशाला दोन्ही डोळ्यांचा कर्करोग होतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवतात. त्यात ना हाणामारी ना शिवीगाळ, तरीही मोठ्या माणसालाही तो झेपेलच असे नाही.

अखेर दाखवला. मुले रडली नाहीत, त्यांनी प्रश्न विचारले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "गुरुजी, डोळा काढल्यावर रडता येतं का?" मला उत्तर येत नव्हते, म्हणून सोमवारी सांगतो म्हणालो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना गाठले. अश्रू बनवणारी ग्रंथी डोळ्याच्या वरच्या बाजूला वेगळी असते, त्यामुळे डोळा काढला तरी अश्रू येऊ शकतात, असे त्यांनी समजावले. सोमवारी हजेरीच्या आधी त्या मुलीने उत्तर मागून घेतले. तेव्हापासून चित्रपट संपल्यावर लगेच घंटा होणार नाही, असे वेळापत्रक मी ठेवतो.

म्युनिककर

खडूफळा सर, तुमच्यासारखा शिक्षक मुलांना मिळावा. आता इकडची तऱ्हा सांगते. जर्मनीत ०, ६, १२, १६ आणि १८ असे वर्ग आहेत, आणि ते दारावर पाळले जातात. बाराच्या चित्रपटाला सहा वर्षांचे मूल पालकांसोबत जाऊ शकते, पण सोळाच्या चित्रपटाला आई-वडील दोन्ही बाजूंना बसणार असले तरी धाकट्याला प्रवेश नाही. खरी गंमत पुढे आहे. ज्या चित्रपटाला इथला वयाचा शिक्का नाही, तो सार्वजनिक खेळात फक्त प्रौढांनाच दाखवता येतो. आमच्या मंडळींनी एकदा साधासरळ मराठी कौटुंबिक चित्रपट आणला, त्याला शिक्का नव्हता, म्हणून मुले घरी ठेवून आम्ही सगळे आई-बाप सासू-सुनेची प्रेमळ गोष्ट 'केवळ प्रौढांसाठी' पाहून आलो.

शेजारच्या जर्मन आईशी याविषयी बोलताना कळले की पडद्यावरील उघड्या अंगाचे तिला काहीच वाटत नाही, पण नायकाने खलनायकाला लोळवून मारलेले तिच्या मुलाने पाहू नये, यासाठी ती फार दक्ष असते. कऱ्हाकाठ यांच्या मातोश्रींचा पदर इथे नेमका उलट्या वेळी ओढला गेला असता.

कऱ्हाकाठ

आईला वाचून दाखवले. "त्या बाईला म्हणावं, तुझं तू बघ," असा निरोप आहे.

पेन्शनीतला

चित्रपटांबाबत एवढी खबरदारी घेणाऱ्या आमच्या घरात रोज रात्री साडेआठला, जेवणाच्या ताटांसमोर, मालिकेतील थोरली जाऊ धाकटीच्या दुधात काहीतरी कालवत असते. नात विचारते, "आजोबा, ते पांढरं काय होतं?" मी "साखर" म्हणतो. त्याला कोणते वय लावायचे?

टपरीवरचा

आजोबा, त्याला सहनशक्तीचे प्रमाणपत्र लावावे लागेल.

शेवंती

'सैराट' (२०१६) आला तेव्हा माझी मुलगी अकरा वर्षांची होती. त्यातले 'झिंगाट' हे गाणे प्रत्येक वरातीत वाजत होते आणि वर्गातील निम्म्या मुली पाहून आल्या होत्या, त्यामुळे नाही म्हटले असते तर तिने तो मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिलाच असता. जाऊबाई आधी पाहून आल्या होत्या. त्यांच्याकडून मी शेवट नीट समजून घेतला आणि जाण्याआधी मुलीला सगळा सांगून टाकला: जातीबाहेर लग्न केलेल्या त्या दोघांना मारतात, कोण मारते, आणि ते लहान बाळ रक्तात पावले उमटवत बाहेर येते. नवरा चिडला, कारण त्यालाही शेवट माहीत नव्हता.

शेवटी आवाज बंद होतो, त्या वेळी आजूबाजूला कडेवरची पोरे होती, ती गाण्यांसाठी आणलेली. एक आजी नातवाला उचलून घाईघाईने बाहेर गेल्या. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला, पण डोळे मिटले नाहीत. रिक्षात तिचा एकच प्रश्न होता: बाळाला आता कोण नेणार, मारणारे मामाच का? त्यावरून आमचे जातीबद्दल जे बोलणे झाले, ते तोवर घरात कधी झाले नव्हते. मारामारीचे चित्रपट मी अजूनही तिच्या धाकट्या भावाला दाखवत नाही, कारण त्यांत मेलेल्यांचे पुढे कोणालाच काही वाटत नाही.

रानमोगरा

शेवंतीताई, शेवट आधी सांगण्याची युक्ती मला पटली. मुलाला 'बाप मरतो, पण पिल्लू मोठे होऊन परत येते' एवढे आधी सांगितले असते, तर तो गॅलरीत उभा राहिला नसता असे वाटते. ह्यांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात की मग चित्रपट पाहायचा कशाला?

बाबा_लॉगिन

माझ्या कामाचे बोला. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवाल्यांना १३+ आणि त्यापुढील कार्यक्रमांसाठी पालकांचे कुलूप देणे भाग पाडले आहे, ते मी लावले आहे, पण चुलत भावंडे आली की त्यांच्या मोबाइलवर सगळे खुले असते. आठ आणि सहा वर्षांच्या मुलांना या रविवारी काय दाखवू?

खडूफळा

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) दाखवा. पंढरपुरातील भावंडे घरची सायकल वाचवण्यासाठी यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. मुलांच्या तोंडची भाषा गल्लीतील आहे, तेवढी तयारी ठेवा. सहा वर्षांच्या मुलाला आईवरील कर्जाचा भाग कळणार नाही, तो विचारेल तेव्हा सांगा.

बाबा_लॉगिन

आभारी आहे. कर्ज म्हणजे काय, हे समजावायला घराचा हप्ता आहेच.