थेरपिस्टचं आणि आपलं पटत नाही तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

निशिगंधा
काल खालच्या मजल्यावरची मुलगी भेटली. तिची लेक अडीच वर्षांची, अजून फारसं बोलत नाही. स्पीच थेरपिस्टने सांगितलंय की घरात मराठी बंद, फक्त इंग्लिश. आजीला इंग्लिश येत नाही, त्यामुळे आजी नातीशी जवळजवळ बोलायचीच थांबलीये. ऐकून पोटात तुटलं आणि आमच्या वेळचं सगळं वर आलं.

आम्हालाही हेच सांगितलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. बाई चिडल्या, "मग प्रगती झाली नाही तर मला विचारू नका." त्यांच्या खोलीत लेक चित्रातला बॉल बघून गप्प बसायचा. घरी आजी भाकरी थापायला बसली की परातीला हात लावून म्हणायचा, "आजी, गोल दे." शब्द जोडून केलेली मागणी होती ती! पण त्यांच्या फॉर्मात इंग्लिश शब्दांनाच रकाना. पुढे दुसऱ्या थेरपिस्ट मिळाल्या. त्यांनी सांगितलं, दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, दोन्हींतले शब्द मिळून मोजायचे. त्यांनी आजीलाच सेशनला बसवलं.

तुमचं कशावरून पटलं नाही, पुढे काय झालं, लिहा. खालच्या मुलीला हा धागा वाचायला देणार आहे.

चिऊची_आई
आमचं उलटं. आम्ही म्हणत होतो काहीतरी राहतंय, त्या म्हणायच्या मुलगे उशिराच बोलतात, थांबा. मी बेरासाठी, म्हणजे कानाच्या तपासणीसाठी, हट्ट धरला. पोराला औषध देऊन निजवलं, कपाळाला नि कानामागे वायरी चिकटवल्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय निघालं. हाकेला वळायचा तो सावली बघून. आता मशीन आहेत, बडबड्या झालाय. बोलत नाही म्हटलं की आधी कान तपासा, थेरपी नंतर. कुकर झाला, येते परत.

सह्याद्रीचा_बाबा
रांगला नाही म्हणून आम्हाला केवढं घाबरवलं होतं! बसल्या बसल्या सरकायचा, मग एकदम उभाच राहिला. नंतर वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणंच काढलं. हे थेरपिस्टबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, नेटवरचं आणू नका. नेटवरचं काय, डब्ल्यूएचओचं आहे!

केतकी_फिजिओ
दादा, बरोबर आहे, पण एक भर घालते. लहान मुलांबरोबरच काम करते मी. रांगला नाही याची काळजी नसते, एकाच बाजूने सरकतो का, एक हात कायम मुठीत का, हे बघायचं असतं. तुम्हाला ते कोणी नीट सांगितलं नाही, हे वाईटच.

आमच्याकडे मूल पाऊण तास असतं, खोली अनोळखी, कधी झोपेची वेळ. म्हणून मी घरचे व्हिडिओ मागते. कोणी बघायला तयार नसेल तर जरूर भांडा. पण घरच्यांनाही एक गोष्ट दिसत नाही. आई नजरेवरून ओळखते आणि पाणी पुढे करते, मुलाला मागावंच लागत नाही. आणि बाळ दिवसांआधी झालेलं असेल तर वय दुरुस्त करून, म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजून धरतात, दोन वर्षांचं होईपर्यंत. रिपोर्टवर ते केलंय का बघा.

मोगरा८२
निशिगंधा, विषय सोडून विचारते, सॉरी. माझी भाकरी हल्ली चिरतेच. साबांच्या हातची आठवली तुझं वाचून.

निशिगंधा
अगं पीठ जुनं असेल. ताजं दळून आण आणि कढत पाण्यात मळ.

परदेशी_पाखरू
न्यू जर्सी. इकडे तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लहान मुलांसाठीची सरकारी थेरपी योजना, मग शाळेकडे. लेकीला शाळेने पात्र नाही म्हणून सांगितलं. मूल्यमापन पटलं नाही तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं, हे आम्हाला शेजारणीने सांगितलं. लेखी मागायचं. मग एक तर शाळा पैसे देते, नाहीतर सुनावणीला जाऊन स्वतःचं मूल्यमापन योग्य होतं हे तिला दाखवावं लागतं. दुसऱ्या रिपोर्टनंतर थेरपी मिळाली.

सह्याद्रीचा_बाबा
आपल्याकडेही दुसरं मत फुकट मिळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं आहेत. गर्दी असते, पण एकाच जागी बरंच तपासून होतं. आणि स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नंबर विचारायला लाजू नका.

चिऊची_आई
आले. मोगरा, उकड काढून बघ, चिरणार नाही. आणि मशीनच्या बॅटऱ्या पावसाळ्यात लवकर जातात, कोणी काय करतं? आम्ही रात्री सुकवणीच्या डबीत ठेवतो तरी.

अबोली
पहिल्यांदाच लिहितेय. लेक वीस महिन्यांचा. रिपोर्टमध्ये 'नजर देत नाही' लिहिलंय. माझ्याकडे बघतो हो तो, दूध पिताना तर एकटक. सासरचे म्हणतात थेरपीच नको. मला थेरपी हवीये, पण हे वाक्य पटत नाही. उद्या भेटायचंय. काय विचारू?

निशिगंधा
अबोली, थेरपी हवी आणि वाक्य नको, दोन्ही एकदम म्हणता येतं. घाबरू नकोस.

केतकी_फिजिओ
ताई, विचारा की हे कोणत्या चाचणीवरून लिहिलं आणि त्या वेळी मूल कसं होतं. दूध पिताना बघणं वेगळं. कुत्रा दिसला की बोट दाखवून 'तू पण बघ' अशा अर्थाने तुमच्याकडे वळतो का? या वयात ते महत्त्वाचं. वळत असेल तर आज व्हिडिओ काढून ठेवा, नसेल तर तेही सांगा. आणि रिपोर्टमध्ये 'पालकांचे निरीक्षण वेगळे' अशी ओळ घालून मागा.

चिऊची_आई
एकटी जाऊ नकोस गं. नवऱ्याला ने. एकाने बोलायचं, एकाने लिहून घ्यायचं.