कम्युनिटीचे हार्डवेअर पॅच मेनलाइनमध्ये नक्की कुठे अडतात?

सिरियल_कन्सोल (धागाकर्ता)

कालच्या धाग्यात एकाने लिहिलं की कंपनीच्या ईमेल पत्त्याशिवाय लिनक्स कर्नलमध्ये हार्डवेअर पॅच (कोडमधले बदल) जातच नाहीत, तेव्हा मेनलाइनचा (लिनक्सच्या अधिकृत मूळ कर्नलचा) नाद सोडा आणि आपल्या बोर्डाची ट्री (कर्नल कोडची वेगळी प्रत) आपणच सांभाळा. हे धादांत चूक आहे. नव्या लोकांनी ते खरं मानलं तर नुकसान त्यांचंच, म्हणून सविस्तर लिहितो.

लिमा आणि पॅनफ्रॉस्ट हे माली जीपीयूचे ड्रायव्हर रिव्हर्स इंजिनिअरिंग करून (हार्डवेअर कसं चालतं ते बाहेरून शोधून) लिहिले गेले आणि २०१९ मध्ये कर्नल ५.२ मध्ये गेले. ॲपल एम१ चिपचा पहिला सपोर्ट २०२१ मध्ये ५.१३ मध्ये गेला. दार बंद असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

ट्री आपण सांभाळायची म्हणजे काय, तेही बघा. कर्नलच्या आतल्या एपीआयला (ड्रायव्हर वापरतो त्या फंक्शनांना) स्थिरतेची हमी नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, कुठल्यातरी फंक्शनचं आर्ग्युमेंट बदलतं आणि तुमचा ड्रायव्हर कंपाइल होत नाही. तोच मेनलाइनमध्ये असेल तर एपीआय बदलणाऱ्यालाच तो दुरुस्त करावा लागतो.

अडतं कशामुळे, तर व्हेंडर कर्नलमधलं (चिपच्या कंपनीने बदललेल्या कर्नलमधलं) सगळं एका पॅचमध्ये कोंबलं जातं. पहिल्या सिरीजमध्ये (पॅचच्या संचात) बोर्डाच्या कंपॅटिबलचं (ओळख सांगणाऱ्या नावाचं) बाइंडिंग, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं त्याचा नियम, आणि यूआर्ट (सिरियल पोर्ट), मेमरी, ईएमएमसी (बोर्डावरचं स्टोरेज) एवढीच डीटीएस, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणारी डिव्हाइस ट्री फाइल, पाठवा. सिरियलवर शेल मिळाला की पुरे. वायफाय, चार्जर, कॅमेरा नंतर. बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी. ड्रायव्हर सबसिस्टिमच्या (कर्नलमधल्या त्या विभागाच्या) ट्रीतून जातो, डीटीएस एसओसीच्या (मुख्य चिपच्या) ट्रीतून, म्हणून एकाचं घोंगडं अडलं तरी दुसरं पुढे जाईल अशी मांडणी करा. व्हेंडरचा कोड घेतला असेल तर मूळ लेखकाचं नाव फ्रॉम ओळीत ठेवा, खाली तुमचा साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड द्यायचा हक्क असल्याची सही).

आणि ‘क्लॉक इग्नोअर अनयूज्ड’ हा बूट पर्याय दिल्याशिवाय बोर्ड उठत नसेल तर अजून पाठवू नका. बूटच्या शेवटी कर्नल कुणी न मागितलेली क्लॉक (हार्डवेअरच्या भागांना ठोका देणारे सिग्नल) बंद करतो. तिथे बोर्ड गोठला म्हणजे एखादा ड्रायव्हर त्याला लागणारं क्लॉक मागत नाहीये. क्लॉक बंद करणाऱ्या फंक्शनमध्ये नाव छापणारी ओळ तात्पुरती घाला. शेवटचं छापलेलं नाव बहुतेक वेळा तेच असतं.

व्हेंडरझाड

असहमत. नकार आला तर बरं, त्यातून काही शिकता येतं. इथे उत्तरच येत नाही. बाइंडिंगवाले तपासून ॲक्ड-बाय (संमतीची ओळ) देतात आणि ड्रायव्हरवाले महिनोन्‌महिने गप्प. उत्तर आलं तरी पहिल्या आवृत्तीवर एक जण म्हणतो रेगमॅप (रजिस्टर वाचा-लिहायची कर्नलची सामायिक सोय) वापरा, तिसरीवर दुसरा म्हणतो एमएफडीमध्ये (अनेक कामं करणाऱ्या चिपसाठीच्या मांडणीत) फोडा, पाचवीला पहिल्याचं मत बदललेलं. पगार घेऊन काम करणारा हे झेलतो. फावल्या वेळात करणाऱ्याने किती झेलायचं?

एम१ चं उदाहरण अर्धवट दिलंत. हेक्टर मार्टिन फेब्रुवारी २०२५ मध्ये आधी ॲपल एआरएमच्या मेंटेनरपदावरून (मेंटेनर म्हणजे त्या भागाचे पॅच तपासून घेणारा) आणि मग असाहीच्या, म्हणजे ॲपलच्या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या प्रकल्पाच्या, नेतृत्वातून बाहेर पडले, हेही सांगायला हवं होतं.

डीटीएसवाली

@व्हेंडरझाड, ते बाहेर पडले तो वाद रस्ट भाषेतल्या ड्रायव्हरांसाठी डीएमएच्या (हार्डवेअरने थेट मेमरी वापरण्याच्या) ॲब्स्ट्रॅक्शनवरून पेटला होता, एखाद्या बोर्डाच्या डीटीएसवरून नाही. आणि त्यानंतर असाहीने पॅच अपस्ट्रीम करण्यालाच (मेनलाइनमध्ये पाठवण्यालाच) प्राधान्य दिलं.

रिव्ह्यू छळवादी वाटतो तो कशासाठी असतो, त्याचं एकच उदाहरण देते. पॅनेलची (पडद्याची) रीसेट लाइन ॲक्टिव्ह-लो आहे, म्हणजे सिग्नल खाली गेला की रीसेट लागू. व्हेंडर डीटीएसमध्ये ती ॲक्टिव्ह-हाय लिहिलेली आणि ड्रायव्हर रीसेट करायला शून्य लिहितो. दोन चुका एकमेकींना झाकतात, पडदा लागतो, म्हणून तेच पाठवलं जातं. उद्या दुसऱ्या बोर्डावर त्या लाइनवर इन्व्हर्टर असला की ते नीट मांडायची सोयच उरत नाही. आणि ड्रायव्हर सुधारावा तर जुनी डीटीबी (कंपाइल केलेली डीटीएस) घेऊन चालणारे सगळे बोर्ड मोडतात, कारण डीटी (डिव्हाइस ट्री) हा एबीआय आहे, म्हणजे न मोडण्याचा करार. बरोबर पद्धत ही की डीटीएसमध्ये ॲक्टिव्ह-लो लिहायचं, आणि पिन हाताळणाऱ्या जीपीआयओडी एपीआयमध्ये एक म्हणजे रीसेट लागू, शून्य म्हणजे सोडलेला. हे मर्ज होण्याआधीच पकडलं पाहिजे. तिथे ‘चालतंय ना’ म्हणून भागत नाही.

नोडच्या नावात अंडरस्कोर, कंपॅटिबलमध्ये वाइल्डकार्ड, कॅपिटल हेक्स, पत्त्याप्रमाणे न लावलेले नोड, यावर माणसाचा वेळ जाऊच नये. डीटी-स्कीमा (बाइंडिंग आणि डीटीएस तपासणारं साधन) इन्स्टॉल करून ‘मेक डीटी बाइंडिंग चेक’ आणि ‘मेक डीटीबीएस चेक’ चालवा. त्यातून बरंच आधीच सापडतं, बाकीचं डोळ्यांनी बघा.

रात्रीचा_बिल्ड

तुम्ही सगळे मूळ रोग सोडून बोलताय. ईमेल! पॅच मेलिंग यादीवर ईमेलनेच पाठवायचे. गिटहबसारख्या साइटवर पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) उघडली की बिल्ड आपोआप चालतो, चर्चा एका जागी राहते. इथे जीमेलच्या वेब पानातून पॅच पाठवला की टॅबचे स्पेस होतात, ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही. एचटीएमएलमधला मेल असला की यादी तो परत फेकते. ऑफिसच्या सर्व्हरवरून पाठवावा तर खाली गोपनीयतेची सूचना चिकटते आणि मेंटेनर तो पॅच घेत नाहीत. हार्डवेअर समजणारी माणसं यातच गळतात.

टॅबआठ

वेब पानातून पॅच पाठवू नका हे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. गिट सेंड-ईमेल वापरा, जीमेलला ॲप पासवर्ड लागतो. आधी स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करून स्वच्छ ट्रीवर गिट एएमने लावून बघा.

तेही नको असेल तर बी४ हे पॅच पाठवायचं साधन घ्या. ‘बी४ प्रेप’ने ब्रँच बनवा, ‘ऑटो टू सीसी’ने पत्ते भरले जातात, ‘बी४ सेंड’ कर्नल डॉट ऑर्गच्या वेब एंडपॉइंटमधून पाठवतो, म्हणजे एसएमटीपीची (मेल सर्व्हर जोडायची) भानगडच नाही. सही करायची की (किल्ली) एकदा नोंदवावी लागते. ‘बी४ ट्रेलर्स’ मिळालेले रिव्ह्यूड-बाय (तपासून मान्य केल्याच्या ओळी) गोळा करून कमिटमध्ये घालतो, तुम्ही विसरायचा प्रश्न नाही.

पुल रिक्वेस्टचं म्हणाल तर एकाच सिरीजमध्ये तीन सबसिस्टिमचे मेंटेनर असतात आणि प्रत्येकाची ट्री वेगळी. ती रिक्वेस्ट कुठल्या रेपोवर उघडणार?

रात्रीचा_बिल्ड

म्हणजे एक पॅच पाठवायला तीन साधनं शिकायची, की नोंदवायची, आणि हे सोपं आहे असं वर ऐकून घ्यायचं! रेपो कुठला हा प्रश्न तुमच्या रचनेने तयार केलाय, नव्या माणसाने नाही. ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ हे उत्तर ऐकून माणसं निघून जातात, तेव्हा ‘लोक टिकत नाहीत’ म्हणून गळा काढू नका.

टॅबआठ

गळा कुणी काढला? क्लॉक ट्री समजून घेणाऱ्या माणसाला एक कॉन्फिग फाइल जड जाते हे मला पटत नाही. आणि अख्खी चर्चा लोअरवर (मेलिंग यादीच्या ऑनलाइन संग्रहात) शोधता येते. पुल रिक्वेस्टमध्ये फोर्स-पुश झाला (जुन्या आवृत्तीच्या जागी नवी चढवली) की जुन्या आवृत्तीवरच्या शेऱ्यांचा माग काढणं अवघड होतं. ते हरवलेलं परवडत नाही.

रात्रीचा_बिल्ड

बी४ चा वेब एंडपॉइंट हा उपाय आहे, तेवढं मान्य. पण मग नवशिक्यांच्या मार्गदर्शनात तो पहिल्या ओळीत का नसतो? एसएमटीपी आधी आणि हे शेवटी, असं का?

व्हेंडरझाड

ईमेलवरून पुरे झालं. उत्तरच न येण्याचा माझा प्रश्न तसाच आहे. शिवाय मर्ज झालं की कायमचं, हाही भ्रम नको. कर्नल ६.३ मध्ये एआरएमच्या जुन्या बोर्ड फायली मोठ्या संख्येने काढल्या.

डीटीएसवाली

त्या आधी ‘वापरात नाही’ अशी खूण करून ठेवल्या होत्या. वापरणारा पुढे आला असता तर फाइल राहिली असती. बोर्डाचं नाव मेंटेनर्स फाइलमध्ये घाला आणि आरसी (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी) आवृत्त्यांवर बूट करून बघा.

सिरियल_कन्सोल

@व्हेंडरझाड, शांततेचा मुद्दा खरा आहे, मी वर तो टाळला. मर्ज विंडोच्या (मेंटेनरांचं जमलेलं काम मेनलाइनमध्ये घ्यायच्या) दोन आठवड्यांत नवं काही पाठवू नका, तेव्हा कुणी बघत नाही. आरसी-१ आला की त्यावर रीबेस करून पाठवा, म्हणजे आरसी-६ पर्यंत मेंटेनरच्या ट्रीत पोचायला वेळ मिळतो. किमान आठवडाभर थांबा, मग त्याच थ्रेडवर एक ओळीची आठवण. तरीही काही नाही तर पुढच्या आरसी-१ नंतर ‘रीसेंड’ लिहून तोच पॅच पुन्हा. मधल्या काळात तोच चिप असलेल्या दुसऱ्या बोर्डवाल्याकडून टेस्टेड-बाय (चालवून बघितल्याची ओळ) मिळवा, आणि त्याच यादीवरचे दुसऱ्यांचे एक-दोन पॅच तपासून खरा रिव्ह्यूड-बाय द्या. मेंटेनरचा भार हलका करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

व्हेंडरझाड

टेस्टेड-बायचं पटलं, ते करतो. पण ज्या ड्रायव्हरचा एकमेव मेंटेनर वर्षभर यादीवर दिसलेला नाही, तिथे रीसेंड कुणाला करायचं?

डीटीएसवाली

गेट-मेंटेनर स्क्रिप्ट वरच्या सबसिस्टिमचा मेंटेनरही दाखवते, त्याला ‘टू’मध्ये घ्या. कव्हर लेटरमध्ये आधीच्या पाठवण्यांचे लोअर दुवे द्या. आणि तो ड्रायव्हर तुम्हाला नीट येत असेल तर मेंटेनर्स फाइलमध्ये स्वतःला रिव्ह्यूअर म्हणून जोडणारा पॅच त्याच सिरीजच्या शेवटी लावा.