लिनक्सवर व्हिडिओ एडिटिंग "होत नाही" म्हणणाऱ्यांनो, नक्की काय होत नाही ते तरी सांगा

माळावरचा_पेंग्विन

परवा टपरीवर एका मित्राने माझा लॅपटॉप बघितला आणि पहिलाच प्रश्न, "लिनक्स होय? मग एडिटिंग कशावर करतोस, मोबाइलवर?" सगळे हसले, मीही हसलो, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

सहा वर्षं झाली मी फक्त लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) व्हिडिओ कापतोय. गावच्या पालखीचे व्हिडिओ, शाळेचं गॅदरिंग, दोन कीर्तनकारांचं यूट्यूब चॅनल, असली कामं. मशीन काही फार भारी नाही, जुना आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. वापरतो केडेनलाइव्ह, फुकट मिळणारं एडिटिंग सॉफ्टवेअर. २०१९ च्या आधी कोणी त्याला शिव्या घातल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. पण त्या वर्षी १९.०४ व्हर्जनमध्ये टाइमलाइनचा (क्लिप्स ओळीने लावायच्या पट्ट्याचा) कोड नव्याने लिहिला आणि तिथून पुढे ते माणसात आलं. प्रॉक्सी (कापताना वापरायच्या हलक्या कॉप्या) आहेत, कीफ्रेम (इफेक्ट कुठे कसा बदलायचा त्याच्या खुणा) आहेत, मल्टीकॅम (अनेक कॅमेरे एकत्र कापणं) आहे, दोन-तीन कॅमेऱ्यांचा आवाज ऐकून क्लिप्स आपापल्या जागी सरकवून देतं, बोलणं ऐकून सबटायटल काढतं. आणि एक रुपया लागत नाही, क्रॅक शोधत फिरायला लागत नाही, क्रॅकबरोबर आलेला व्हायरस काढायला भाच्याला बोलवायला लागत नाही.

तर सांगा, काय होत नाही?

शुभमंगल_स्टुडिओ

पेंग्विन भाऊ, राग मानू नका, पण तुमची कामं हौसेची आहेत. माझं दुकान आहे. सीझनला एका लग्नाचं तीन कॅमेरे, एक ड्रोन, वर मोबाइलवाल्या पाहुण्यांनी "हे पण टाका हो दादा" म्हणून पाठवलेलं, असं मिळून सहा-सात तासांचं फुटेज येतं, आणि अशी लग्नं एका आठवड्यात चार. पार्टीला काय हवं असतं? हळदीचं गाणं, साखरपुड्याचं गाणं, पाठवणीला रडणारं गाणं, आणि बीटवर कट. त्यासाठी आमच्या लाइनमध्ये एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरचे तयार प्रोजेक्ट मिळतात. गाणं, इफेक्ट, टायटल सगळं बसवलेलं असतं, आपण फक्त क्लिप्स टाकायच्या आणि रेंडर मारायचा, म्हणजे तयार व्हिडिओ काढायचा. महाराष्ट्रातला निम्मा लग्नबाजार त्यावर चालतो असं म्हटलं तरी चालेल. ते प्रोजेक्ट तुमच्या केडेनलाइव्हमध्ये उघडतात का? नाही. विषय संपला.

दुसरं म्हणजे पोरगं ठेवायचं कुठून? क्लासमधून शिकून आलेल्या पोराला प्रीमियर येतं, एडियस येतं. लिनक्स म्हटलं की ते म्हणतं सर उद्या येतो, आणि येतच नाही.

माळावरचा_पेंग्विन

प्रोजेक्ट उघडत नाहीत हे शंभर टक्के मान्य. पण मग हे सॉफ्टवेअरचं कमीपण कुठे झालं, ही बाजाराची सवय झाली ना? उद्या कोणी केडेनलाइव्हसाठी हळदीचे प्रोजेक्ट करून विकायला लागला तर?

शुभमंगल_स्टुडिओ

उद्याचं उद्या. माझा हप्ता आज जातो.

रोटोवाला_अंधेरी

दोघांचंही अर्धं बरोबर आहे म्हणून मध्ये बोलतो. मी व्हीएफएक्समध्ये (सिनेमाचे संगणकी इफेक्ट) आहे, आणि "लिनक्सवर व्हिडिओचं काम होत नाही" हे ऐकून आमच्याकडे लोक हसतील, कारण आमच्या फ्लोअरवर विंडोजच सापडायला वेळ लागतो. न्यूक, हूडिनी, माया, फ्लेम ही आमची सॉफ्टवेअर, सगळं लिनक्सवर. हे आजचं पण नाही, १९९७ च्या टायटॅनिकची काही इफेक्टची रेंडरिंग डिजिटल डोमेनने अल्फा प्रोसेसरच्या मशीनवर लिनक्स टाकून केली होती.

पण इथे एक मेख आहे जी पेंग्विन सांगत नाहीत. ते लिनक्स आणि तुमच्या लॅपटॉपवरचं लिनक्स एक नाही. स्टुडिओत एक ठरलेलं जुनं स्थिर व्हर्जन असतं, आजकाल बहुतेक ठिकाणी रॉकी लिनक्स, आणि कुठली लायब्ररी (सॉफ्टवेअरला लागणारा तयार कोड) कुठल्या नंबरची चालेल याचं एक पत्रक दरवर्षी निघतं, व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म नावाचं. सॉफ्टवेअर बनवणारे ते बघून बनवतात, आयटीवाला ते बघून मशीन लावतो, आर्टिस्टने अपडेटचं बटण दाबायचंच नाही. घरी तुम्ही दर सहा महिन्यांनी नवं उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकणार आणि म्हणणार की डाविंची रिझॉल्व्ह हा एडिटर का उघडत नाही.

आणि इतकं सगळं लिनक्सवर असूनसुद्धा एडिट, म्हणजे निव्वळ कापाकापी, कशावर होते? एव्हिड नाहीतर प्रीमियर. म्हणजे विंडोज किंवा मॅक. शॉट आमच्याकडे येतो तोवर कापून झालेला असतो.

खमंग_रेंडर

अरे हां, रिझॉल्व्हचं कोणी काढलंच नव्हतं, बरं झालं. माझं म्हणणं सरळ आहे, लिनक्सवर प्रोफेशनल एडिटर आहे, त्याचं नाव डाविंची रिझॉल्व्ह, फुकट व्हर्जन पण आहे, मग बाकीच्यांवर वाद कशाला?

कट_टू_कट

खमंगराव, टाकून बघितलंय का कधी, का नुसता व्हिडिओ बघून बोलताय? मी टाकलं तेव्हाची गोष्ट सांगतो.

इन्स्टॉल झालं, कसंबसं. नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या आवृत्तीवर) ते स्वतःबरोबर आणलेल्या जुन्या लायब्ररीमुळे उघडतच नाही, त्या जीलिब नावाच्या लायब्ररीच्या चार फाइली त्याच्या फोल्डरमधून उचलून बाजूला ठेवायच्या, मग उघडतं, हा उपाय सगळ्या रिझॉल्व्हवाल्यांना तोंडपाठ आहे. उघडलं. फोनवर शूट केलेली क्लिप ओढली. टाइमलाइनवर काय आलं? नुसता आवाजाचा रिकामा पट्टा, चित्र नाही. कारण फुकट व्हर्जन लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ (फोन व्हिडिओ साठवतो ते फॉरमॅट) उघडत नव्हतं. विंडोजवर तेच फुकट व्हर्जन उघडतं! मग म्हटलं स्टुडिओ व्हर्जन घ्यावं, २९५ डॉलर, तर तिथे चित्र येतं पण एएसी (फोनच्या आवाजाचा फॉरमॅट) आवाज येत नव्हता. म्हणजे पैसे भरा आणि मूकपट बघा. या फॉरमॅटच्या, म्हणजे कोडेकच्या, पेटंटचे पैसे कोणीतरी भरायचे असतात, विंडोज आणि मॅकवर ते सिस्टिमबरोबर येतात, लिनक्सवर ते भरणार कोण, हे सगळं मला समजतं. पण समजून माझी क्लिप उघडत नाही ना.

उपाय आहे, एफएफएमपेग नावाच्या फुकट टूलने सगळं फुटेज डीएनएक्सएचआर (एडिटिंगचा जड फॉरमॅट) करून घ्या, आवाज पीसीएम (न दाबलेला). केलं. आता हिशोब बघा, फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम, एचक्यू क्वालिटी म्हटलं की एका तासाला ८० जीबीच्या आसपास जागा लागते. फोनमधून आलेली मूळ फाइल सात-आठ जीबीची. शुभमंगलवाल्यांचं सात तासांचं लग्न घ्या आणि गुणाकार करा. फोर-केला याच्या चौपट धरा.

खमंग_रेंडर

हार्डडिस्क स्वस्त झाल्यात.

कट_टू_कट

तुमच्याकडून मागवतो दोन, पाठवा.

बर्फीचा_तुकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

जास्वंद

एक वेगळाच मुद्दा मांडते, कारण सगळे कोडेकवर भांडतायत आणि मराठीवर कोणीच बोललं नाही. मी शाळेसाठी व्हिडिओ करते आणि माझं अर्धं काम म्हणजे पडद्यावर मराठी अक्षरं. तुमचं टायटल टूल चांगलं की वाईट हे बघायला मी फक्त दोन शब्द टाइप करते, "दुसऱ्या वाऱ्यावर". त्यातला चंद्रकोरीसारखा र नीट आला तर पुढे बोलू. काही भारी सॉफ्टवेअरमध्ये तिथे रफार होऊन "दुसर्या" दिसतं, काही ठिकाणी पाय मोडून र वेगळा, य वेगळा. प्रीमियरमध्ये तर आधी सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपीचं इंजिन निवडावं लागतं, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक अजून "विदयार्थी" तोडून लिहितात आणि फॉन्टला दोष देतात. केडेनलाइव्हच्या टायटलरमध्ये मला हा त्रास कधीच झाला नाही, कारण ते क्यूटी नावाच्या तयार कोडवर चालतं आणि तिथे जोडाक्षरं जुळवायचं काम सिस्टिमचं आहे. कुठलाही युनिकोड फॉन्ट टाका, मुक्ता, बालू, काहीही, बरोबर येतं.

पण पेंग्विन दादा, तुमच्या त्या आपोआप सबटायटलचं फार कौतुक करू नका. बोलणं ओळखणारं छोटं मॉडेल लावलं की ते मराठी ऐकतं आणि हिंदीच्या वळणाने लिहितं. माझ्या एका धड्यात "बाळ" चं "बाल" आणि "केळं" चं "केले" झालं होतं, मुलांनी तेच वाचलं! मोठं मॉडेल बरं आहे, पण मग साध्या लॅपटॉपवर दहा मिनिटांच्या व्हिडिओला लावून स्वयंपाक करून यायचं.

शुभमंगल_स्टुडिओ

ताई, मुद्दा चांगला पण आमच्याकडे मजकूर युनिकोडमध्ये येतो कुठे? पत्रिकेचा मॅटर प्रेसवाला श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, देतो. विंडोजवर तो फॉन्ट आहे म्हणून निदान वाचता तरी येतो. तुमच्या लिनक्सवर पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

जास्वंद

कन्व्हर्टर असतात हो त्याला. आणि दोन ओळी टाइप केल्या तर बोटं झिजत नाहीत. वधूवरांची नावं तेवढी परत तपासा, कन्व्हर्टर र्‍हस्वदीर्घाचा गोंधळ करतो कधी कधी.

लाल_डबा

मला वाटतं मूळ दुखणं वेगळंच आहे. लिनक्सवर एडिटर मोजा. केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट, फ्लोब्लेड, पिटिवी, ऑलिव्ह, सिनेलेरा, वर ब्लेंडरमधला एडिटर, लाइटवर्क्स. नावं डझनभर आणि त्यातलं पूर्ण म्हणावं असं एकही नाही. लाइटवर्क्स फुकटात ७२०पी च्या वर एक्सपोर्ट देत नाही. ऑलिव्हचं आठवतंय का? २०१९ च्या सुमारास सगळीकडे एकच चर्चा, आता हा येणार आणि प्रीमियरची सुट्टी करणार. मग म्हणाले पाया कच्चा आहे, सगळं नव्याने लिहितो. ते काही पूर्ण झालं नाही. त्यात वेग इतका भारी होता की मी दोन प्रोजेक्ट त्यावर केले होते, आता ते उघडायचे कशात हा प्रश्न आहे.

आणि गंमत म्हणजे केडेनलाइव्ह, शॉटकट, फ्लोब्लेड, तिघांच्या आत इंजिन एकच, एमएलटी. शॉटकट लिहिणारा डॅन डेनेडी हाच एमएलटीच्या मूळ लेखकांपैकी एक. म्हणजे वरून तीन दुकानं, आत एकच भटारखाना. तिथे भाजी करपली की तिन्हीकडे करपलेली. आणि त्या इंजिनात इफेक्ट अजून बहुतेक सीपीयूवरच (मुख्य प्रोसेसरवर) चालतात, कार्ड फक्त शेवटच्या एन्कोडिंगला कामाला येतं. पेंग्विन साहेबांनी १०५० टीआय लिहिलंय खरं, पण रंग बदलताना ते कार्ड झोपलेलं असतं.

रोटोवाला_अंधेरी

+१. त्यात भर म्हणजे केडेनलाइव्हची आतली पाइपलाइन बरीच वर्षं ८-बिटच होती, म्हणजे रंगांच्या छटा कमी. १०-बिट लॉग (मुद्दाम फिकट शूट केलेलं) फुटेज टाकून आभाळाचे रंग ओढायला गेलात की आभाळात पायऱ्या दिसतात. कीर्तनाला कोणी बघत नाही, जाहिरातीला क्लायंट पहिलं तेच बघतो.

माळावरचा_पेंग्विन

लाल डबा, भटारखाना एकच आहे हे खरं, पण तिथे आचारी किती आहेत ते पण बघा ना. २०२२ मध्ये केडेनलाइव्हने लोकांकडे पैसे मागितले तेव्हा टार्गेट किती होतं? १५,००० युरो. तेव्हाच्या भावाने बारा लाख रुपये. शुभमंगलच्या दुकानात याच्यापेक्षा जास्त किमतीचे कॅमेरे आणि लेन्स असतील. एवढ्यात ते लोक जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांशी टक्कर घेतायत आणि आपण विचारतो की आभाळात पायऱ्या का.

कट_टू_कट

गरीब आहेत म्हणून चांगलं म्हणायचं का? मी एका फुकट एडिटरवर (नाव घेत नाही, उगाच त्याचे भक्त येतील) दोन दिवसांचं काम घालवलंय. रेंडर ९७ टक्क्यांवर आला आणि खिडकीच गायब. परत उघडलं तर टाइमलाइनवर सगळ्या क्लिपा लाल.

माळावरचा_पेंग्विन

हे मला पण झालंय, खोटं कशाला बोलू. पण लाल क्लिप म्हणजे बऱ्याचदा फाइल सापडत नाही एवढंच असतं. माझी बाहेरची डिस्क एकदा वेगळ्या नावाने माउंट झाली (जोडली गेली) आणि अख्खी पालखी लाल. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल म्हणजे साधी एक्सएमएल असते, मजकूरच. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, जुना पाथ (फाइलचा पत्ता) शोधून नवा पाथ टाकला, चारशेच्या वर जागी बदलला, सेव्ह केलं, उघडलं, पालखी परत जागेवर. आणि फाइल मेन्यूत बॅकअप उघडायची सोय आहे, तारीखवार जुन्या कॉप्या ठेवलेल्या असतात, ती तर कोणी बघतच नाही.

कट_टू_कट

म्हणजे एडिटरने एक्सएमएल पण शिकायचं. झकास.

जास्वंद

"शोधा आणि बदला" येतं ना सगळ्यांना? एवढंच आहे ते. उगाच बाऊ.

शुभमंगल_स्टुडिओ

बरं एक विचारतो, भांडायला नाही, खरंच विचारतो. पाहुण्यांच्या मोबाइलचं फुटेज टाकलं की आवाज हळूहळू मागे पडत जातो. मंगलाष्टक संपतं तेव्हा भटजींचे ओठ बंद आणि "सावधान" नंतर ऐकू येतं. आमचा पोरगा ते हाताने तुकडे करून जुळवतो, अर्धा दिवस जातो. त्याला तुमच्याकडे काय आहे?

माळावरचा_पेंग्विन

फोन फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) सतत कमीजास्त करतो म्हणून होतं ते. उजेड कमी झाला की ३० चे २४ होतात, परत वाढतात. केडेनलाइव्हमध्ये अशी क्लिप टाकली की ते स्वतःच विचारतं, बदलून देऊ का? हो म्हणायचं. नाहीतर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर पण चालतं, त्यात फ्रेमरेट कॉन्स्टंट करून रात्री लावून ठेवा, सकाळी सगळ्या क्लिप्स सरळ. पोराचा अर्धा दिवस वाचला.

शुभमंगल_स्टुडिओ

हे आधी सांगितलं असतं तर एवढं भांडलोच नसतो. तरी सीझनमध्ये मी काही बदलणार नाही, मरायला वेळ नाही. आषाढी एकादशी झाली की लग्नं थंड होतात, तेव्हा या दुकानात. एक जुना पीसी पडलाय, त्यावर टाका तुमचं लिनक्स. मी एका जुन्या लग्नाचं सगळं रॉ देतो, तीन कॅमेरे, ड्रोन, मोबाइल. सकाळी दहाला बसा. संध्याकाळपर्यंत हळदीचं गाणं बीटवर कापून दाखवलंत तर मिसळ माझ्याकडून.

माळावरचा_पेंग्विन

येतो. फक्त कॅमेरे कुठले आणि १०-बिट शूट केलंय का ते आधी कळवा. १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) असेल तर माझं कार्ड ते उचलत नाही, सगळ्याच्या प्रॉक्सी आदल्या रात्रीच कराव्या लागतील.

कट_टू_कट

रात्रीचे तास धरणार का सकाळी दहापासून, हे आधी ठरवून घ्या.