गोल्फचा जुना फोर्ज्ड ब्लेड सेट चालून आलाय, घेऊ काय?

उद्यमबागी
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत मशीन शॉप आहे. 2022 च्या ऑगस्टात आमच्या गोल्फ कोर्सवर बिबट्या शिरला, सक्रेबैलूच्या हत्ती कॅम्पातनं हत्ती आणून शोधाशोध झाली, शाळा बंद पडल्या, आठवतंय काय? त्याच्या पंधरा दिवस आधी मी पहिल्यांदा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरला. मुहूर्तच तसला. अजून शिकूलालोयच, पण हँडिकॅप (जेवढं कमी तेवढा खेळ चांगला) 24 वरून 15 वर आलंय.

सध्या माझ्याकडं जाड सोलचा (तळाचा) कॅव्हिटी बॅक, म्हणजे पाठीमागनं पोकळ हेडचा सेट आहे. पुण्याचे एक ओळखीचे गृहस्थ मसल बॅक ब्लेड, म्हणजे पातळ, भरीव पाठीचा सेट देतो म्हणतात. 4 नंबर (लांबच्या फटक्याचा) ते पिचिंग वेज (जवळच्या फटक्याचा), 28 हजार. तीन चेंडू मारून बघितले. पहिल्या दोन्हींनी बोटांना झिणझिण्या आणल्या. तिसरा कधी लागला ते हाताला कळलंच नाही, वर बघतोय तर चेंडू हवेत. तेव्हापासून डोक्यातनं जाईना.

ब्लेडनं खेळलं की हात सुधारतो म्हणतात, ते खरं काय? आणि फोर्जिंग (ठोकून घडवलेलं) कास्टिंगपेक्षा (ओतीवपेक्षा) भारी, हे तर आपल्या धंद्यातलंच गणित. घरात मात्र विचारूलालेत, "आधीच्या काठ्या गंजल्या काय?"

निपाणीकर
घ्या की! जुनी माणसं त्याच्यावरच शिकली. नाही जमलं तर विकायचं.

कॅम्पातला म्हातारा
जुन्या माणसांना दुसरं मिळत नव्हतं हो, म्हणून शिकली. मी त्यातलाच.

उद्यमबागी, फोर्जिंगच्या नादाला लागू नका. 1982 चा पिंग कंपनीचा आय 2 सेट कास्टच होता, 17-4 जातीच्या स्टेनलेसचा, आणि मोठमोठ्या खेळाडूंच्या बॅगेत होता. प्रश्न वजन कुठं ठेवलंय याचा आहे. तुम्ही मशीनवाले, फ्लायव्हीलचं वजन रिमला का देता? कॅव्हिटी बॅकचं तेच. कडेला वजन असलं की चेंडू टोकाकडं लागला तरी हेड कमी वळतं. ब्लेडचं वजन मधोमध चेंडूच्या मागं. मधे लागला तर तुमचा तो तिसरा चेंडू, अर्धा इंच सरकला तर पहिले दोन. हात सुधारतो म्हणाल, तर चूक कळते एवढंच. दुरुस्ती सरावानंच होते. फोर्ज्डचा खरा फायदा म्हणजे पोलाद मऊ, लाय अँगल (हेड आणि दांड्यातला कोन) वाकवून घेता येतो.

शाफ्टवरचं, म्हणजे दांड्यावरचं लेबल वाचलंत काय? जुन्या ब्लेडमध्ये बरेचदा एस 300 नावाचा जड स्टीलचा शाफ्ट असतो, 130 ग्रॅमच्या आसपास. माणसं हेडवर भांडतात आणि दमतात शाफ्टनं.

पैसे देण्याआधी एक करा. क्लबच्या तोंडावर टाल्कम पावडर मारा आणि 8 नंबरनं वीस, 5 नंबरनं वीस चेंडू मारा. दर चेंडूला डाग बघून लिहून ठेवा.

उद्यमबागी
केलं. सकाळी सहाला गेलो, दवानं पावडरीचा चिखल झाला. मग मुलीचा व्हाइटबोर्ड मार्कर आणून तोंडावर फासला, चेंडू लागला की तिथली शाई उडते. 8 नंबरचे वीसात तेरा डाग दहाच्या नाण्याखाली झाकले. 5 नंबरचे फक्त पाच, बाकी सगळे टोकाकडं, दोन तर पार कडेला. लेबल एस 300 च आहे. आता कळलं, शेवटी शेवटी खांदा का भरला.

मग 8, 9 आणि वेज ब्लेडचे, 7 आणि त्याच्याहून लांबचे माझे जुने, असं चालेल काय?

कॅम्पातला म्हातारा
चालेल, पण नंबर बघून जोडू नका, लॉफ्ट (तोंडाचा तिरकेपणा) बघा. तुमच्यासारख्या हल्लीच्या सेटचा 7 नंबर 30 अंशांच्या आतबाहेर, 8 नंबर 34 च्या आसपास. जुन्या ब्लेडचा 7 नंबरच 34, म्हणजे 8 नंबर 38. तुमच्या 7 नंतर थेट ब्लेडचा 8 ठेवलात तर मधे आठ अंशांचं भगदाड. ब्लेड दोन अंश वाकवून घेता येईल, पण तेवढाच बाउन्स (सोल जमिनीत रुतू न देणारा कोन) जातो, आणि आपल्याकडं जुलैत जमीन कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा दोन्ही 8 नंबर ठेवा. आधी तुमचा, मग ब्लेडचा. चौदा क्लबांच्या मर्यादेत बसतंय. फक्त दोन्ही सेट कुठंतरी मोजून घ्या, एखादा अंश इकडंतिकडं निघतोच. आणि तीन ब्लेडना हलका शाफ्ट घाला.

उद्यमबागी
दोन 8 नंबर! कॅडी हसणार. लॉफ्ट मोजायला फिक्स्चर मीच करतो, अँगल प्रोटॅक्टर आहे. पुण्याचे गृहस्थ सेट फोडायला तयार नाहीत, 24 हजारावर आलेत. 4 ते 7 चं काय करू?

निपाणीकर
4 नंबर मला द्या. उसात डुकरं शिरूलालेत.