अकरावीतल्या मुलासाठी लॅपटॉप : अभ्यास आणि थोडं फोटो एडिटिंग. दोनांपैकी कोणता घेऊ?

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही इंदापूरला असतो. मुलगा यंदा अकरावी सायन्सला गेला. कॉलेजचे प्रोजेक्ट, क्लासच्या पीडीएफ, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, थोडं पायथन, एवढ्यासाठी लॅपटॉप लागणारच आहे. पण त्याची खरी ओढ फोटोंकडं आहे. मामानं त्याला स्वतःचा जुना कॅनन १५००डी दिलाय, सोबत ५५-२५०ची लेन्स. हिवाळ्यात रविवारी अंधार असतानाच वडिलांच्या मागे गाडीवर बसून भिगवणकडं कुंभारगावला जातो आणि होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो. सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मोठ्या फायलीत, काढतो आणि घरच्या जुन्या डेस्कटॉपवर एडिट करतो. त्या डेस्कटॉपवर एक फोटो उघडेपर्यंत माझ्या कुकरच्या दोन शिट्ट्या होतात.

बजेट ५० हजार. त्याच्या वर खरंच जाता येणार नाही. बारामतीच्या दुकानात दोन बघून ठेवलेत.

पहिला : १५.६ इंची, रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४६,५०० रुपये.
दुसरा : १४ इंची, आय५ १२३५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४९,००० रुपये.

दुकानदार म्हणतात पहिलाच घ्या. सात हजारची सिरीज म्हणजे नवी, रॅम दुप्पट, स्क्रीन मोठी आणि वर अडीच हजार वाचतात. दुसरा 'बारावी जनरेशन, आता जुनी झाली'. मुलाचं मन मात्र दुसऱ्यावर बसलंय. का म्हणून विचारलं तर 'त्यावर फोटो बरा दिसतो' एवढंच म्हणतो. मला यातलं फारसं कळत नाही आणि पैसे एकदाच घालायचेत.

आणखी एक गोष्ट. ती इथं विचारावी का, कळत नाही. त्यानं एडिट केलेले फोटो आमच्या फोनवर फार भडक दिसतात. पक्षी अगदी राणी रंगाचे. मी त्याला दोनदा बोललेसुद्धा, की आहे तो रंग राहू दे रे. तो म्हणतो, मी एवढा टाकलेलाच नाही.

घाटमाथा

१६ जीबीवाला घ्या, फार विचार करू नका. ८ जीबीवर ब्राउझर आणि एडिटिंग एकत्र चालवताना जीव जातो. अडीच हजारात बॅग आणि माउस येईल.

पेचकस

ताई, मी सोलापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, बारा वर्षं झाली. पहिल्याचे पैसे भरण्याआधी हे एवढं वाचा.

नावातला ७ बघून नवा समजायची चूक खूप लोक करतात. एएमडीच्या या सिरीजमध्ये पहिला आकडा फक्त वर्षाचा असतो. प्रोसेसर आतून कोणत्या पिढीचा आहे ते तिसरा आकडा सांगतो. ७५२०मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २. ही रचना २०१९ची. ७५३० असता तर झेन ३, ७५४० असता तर झेन ४. एका आकड्याच्या फरकानं आतला माल बदलतो. ७५२०यूला चार कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत. तुमच्या दुसऱ्या लॅपटॉपमधल्या १२३५यूला दहा, त्यातले दोन मोठे आणि आठ छोटे. रॉ फोटो एक्स्पोर्ट करताना हे सगळे कामाला लागतात. आणि दोन्ही प्रोसेसर जाहीर झाले २०२२मध्येच. त्यामुळं एक नवा आणि एक जुना हे म्हणणंच खरं नाही.

आता रॅम. ७५२०ला जी रॅम चालते ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली येते, पुढं वाढवता येत नाही. १६ आहे म्हणून तुमचं भागेल, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. दुसऱ्यातली ८ कमीच आहे. पण त्यात रिकामा स्लॉट असेल तर आणखी ८ची पट्टी टाकता येईल, म्हणून सगळं त्या स्लॉटवर अडलंय.

दुकानात असं बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं लिहिलेलं असतं. तिथं '१ ऑफ २' दिसलं तर एक स्लॉट मोकळा. त्याच्याच जवळ 'फॉर्म फॅक्टर' असतो. तिथं 'रो ऑफ चिप्स' आलं तर रॅम सोल्डर केलेली. तरीही खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर ताडून बघा. एकाच नावाखाली चार प्रकार विकतात.

दुसरी पट्टी पडली की ग्राफिक्सही सुधारतं. १२३५यूमध्ये एकच पट्टी असताना विंडोज 'यूएचडी' दाखवतं. दोन झाल्या की तीच चिप 'आयरिस एक्सई' म्हणून दिसते आणि तसं काम करते.

घाटमाथा

तिसऱ्या आकड्याचं मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. पेचकस दादा, धन्यवाद.

काटकसर

नवा कशाला? रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, बिझनेस लॅपटॉप बघा. सहाव्या-सातव्या जनरेशनचे आय५ निम्म्याहून कमी पैशात मिळतात, बांधणी दणकट. उरलेल्या पैशांत चांगली लेन्स येईल.

पेचकस

लेन्सचं म्हणणं पटतं, पण सहावी-सातवी नको. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढंच अधिकृतपणे चालतं. मुलाला बारावी आणि पुढचं कॉलेज काढायचंय. रिफर्बिश्डच घ्यायचा तर आठवी किंवा त्यापुढच्या जनरेशनचा घ्या आणि बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता किती होती, आता किती उरलीय ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाणेरकर

सेकंडहँड मॅकबुक एअर एम१चा विचार केलात का? २०२०चा आहे, पण स्क्रीन या बजेटमधल्या कोणत्याही नव्या लॅपटॉपपेक्षा सरस. पंखा नाही, आवाज नाही, वजन १.२९ किलो. माझी बहीण त्यावर अजून फोटोंचं काम करते.

पेचकस

स्क्रीनबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यातली रॅम आणि एसएसडी दोन्ही आतच पक्क्या, सेकंडहँडमध्ये बहुतेक ८ आणि २५६चाच मिळतो. आणि काही बिघडलं तर इंदापूरहून पुण्याला हेलपाटे. पुण्यात राहणाऱ्याला मीसुद्धा तोच सुचवला असता.

लग्नसराई

ताई, मी साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो. तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी मुद्दाम लॉग इन केलं. मुलाला बोलू नका. तो खरं सांगतोय.

रोहित पक्षी लांबून पांढराच वाटतो. मानेवर आणि पाठीवर गुलाबी रंगाची अगदी फिकी झाक असते आणि पंख उघडले की लाल आणि काळा दिसतो. ती फिकी झाक साध्या पॅनेलवर उमटतच नाही. पक्षी पांढराफटक दिसतो. मुलानं होडीतून तो गुलाबी बघितलेला असतो, म्हणून तो रंगाचा स्लायडर पुढं सरकवतो, डोळ्यांना आठवतंय तसं दिसेपर्यंत. त्याच्या स्क्रीनवर ते बरोबर आहे. तोच फोटो फोनच्या चांगल्या स्क्रीनवर आला की राणी रंग.

माझं स्वतःचं हे झालंय. धंद्याच्या पहिल्या वर्षी स्वस्तातल्या लॅपटॉपवर एक अल्बम केला. नवरीचा शालू अंजिरी होता. माझ्या स्क्रीनवर तो मळका दिसत होता, म्हणून मी लाल वाढवला. अल्बम छापून आला तेव्हा शालू लालभडक आणि नवरीचा चेहरा ताप आल्यासारखा. तिच्या आईनं कपाटातून शालू आणून उघड्या अल्बमशेजारी ठेवला, काही बोलल्या नाहीत. चाळीस पानं पुन्हा माझ्या खर्चानं छापून दिली. त्यानंतर लॅपटॉप घेताना मी आधी पॅनेल बघतो, बाकी सगळं नंतर.

काय बघायचं ते सांगतो. माहितीपत्रकात डिस्प्लेसमोर '४५% एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलं असेल तर ती स्क्रीन एसआरजीबीतले, म्हणजे फोटो आणि वेबसाठी ठरलेल्या रंगसंचातले, दोन तृतीयांश रंगसुद्धा दाखवू शकत नाही. अभ्यासाला चालेल, फोटोला नाही. '१००% एसआरजीबी' हवं. काही कंपन्या '७२% एनटीएससी' लिहितात, ते साधारण तेवढंच. ब्राइटनेस ३०० निट्स असला तर उत्तम, २५०वर घरात भागतं. काहीच लिहिलेलं नसेल तर मी ४५ धरून चालतो.

आणि दुकानात डोळ्यांनी बघा. पेनड्राइव्हवर त्याचा एक फोटो न्या, कॅमेऱ्यातून निघालेला जेपेग, हात न लावलेला. दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून तोच फोटो उघडा. ब्राइटनेस पूर्ण करा, नाइट लाइट बंद आहे ना ते तपासा, नाहीतर सगळंच पिवळं दिसेल. मग झाकण हळूहळू मागंपुढं कलवा. रंग उलटे व्हायला लागले तर ते टीएन पॅनेल, तो लॅपटॉप सोडून द्या.

जागेचंही आत्ताच बघून ठेवा. या कॅमेऱ्याचा एक रॉ पंचवीस-तीस एमबीचा. एका सकाळी ४०० फोटो झाले की दहा-बारा जीबी गेले. ५१२ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते आणि त्यातही विंडोज बसलेलं असतं. दिवाळीपर्यंत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आणि कार्ड फॉरमॅट करण्याआधी फोटो दोन ठिकाणी आहेत ना ते बघायची सवय त्याला आत्तापासून लावा.

मागचाबाक

मी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. रॉसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही फुकट. डार्कटेबल पहिले पंधरा दिवस अवघड वाटतं, नंतर सोडवत नाही. खोडाखोडीसाठी गिंप. मराठी प्रोजेक्टला विंडोज ११मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, सेटिंगमधून भाषा जोडली की झालं.

स्क्रीन लहान म्हणून नाराज होऊ नका. रोज पाठीवर न्यायचा तर १४ इंचीच बरा. माझा १५.६ आहे, एसटीत मांडीवर उघडता येत नाही.

उजनीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लग्नसराई दादा, तुमचं उत्तर मी मुलाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण मागे बोलल्याबद्दल मला वाईट वाटलं आणि तसं मी त्याला सांगितलं. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन बारामतीला जातोय.

उजनीकाठ

जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

फोटो जानेवारीतला होता. पाण्यात उभे तीन रोहित, मागे धुकं. पहिल्या लॅपटॉपवर ते तीन बगळे वाटावेत असे पांढरे, आणि धुकं नि पाणी एकच राखाडी पट्टा. दुसऱ्यावर तोच फोटो उघडला आणि मानेपासून खाली गुलाबी दिसायला लागलं. पाण्यातल्या सावलीतसुद्धा होतं. मला चष्म्याशिवाय कळलं. दुकानदार काउंटरच्या आतून उठून बाहेर आले आणि आमच्या शेजारी उभं राहून बघत राहिले. म्हणाले, असं शेजारी ठेवून मी कधी बघितलंच नव्हतं. माणूस सरळ आहे, त्यांनीच मग खोक्यावरची माहिती काढून दाखवली. पहिल्याला ४५% एनटीएससी, दुसऱ्याला १००% एसआरजीबी, ३०० निट्स.

टास्क मॅनेजर मुलानं उघडला. '१ ऑफ २' आलं. दुसराच घेतला. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला.

पैसे संपले, त्यामुळं पट्टी लगेच नाही. मामानं फोनवर सांगितलंय की ती माझ्याकडून. काल रात्री मुलानं तोच तीन पक्ष्यांचा फोटो नव्यानं एडिट करून पाठवला. मी फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडं बघितला. सारखा आहे.

पेचकस दादा, पट्टी कोणती आणायची? आणि झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का?

पेचकस

अभिनंदन ताई. १२३५यूला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात, पण एका मदरबोर्डवर एकच बसते, त्यामुळं अंदाजानं आणू नका. त्याच मेमरीच्या पानावर 'स्पीड' लिहिलेलं असेल, तो आकडा सांगा. वॉरंटीचं कंपनीपरत्वे वेगळं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा आणि शक्यतो तिथंच बसवून घ्या.

उजनीकाठ

३२०० दिसतंय.

पेचकस

मग डीडीआर४, ३२००, लॅपटॉपची, ८ जीबी. बसवल्यावर चालू करून तिथंच १६ दिसतंय का ते बघा, मगच निघा. आणि जमलं तर तो तीन पक्ष्यांचा फोटो इथं टाका.