मदत हवी आहे: जुन्या एफसी-१५० ला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं आहे (नाशिक)

पंचवटीकर:
मंडळी नमस्कार. आजोबांनी घेतलेला महिंद्राचा एफसी-१५० (छोटा ट्रक) अजून घरात आहे. पेट्रोल गाडी, इंजिन जीपचंच चार सिलिंडरचं हरिकेन. एकेकाळी निफाडहून द्राक्षाच्या पेट्या वाहायचा, आता फार तर वणी, त्र्यंबक, नाहीतर कुणाच्या लग्नात नवरदेव मिरवायला.

गाडी थंड असताना सेल्फ मारला की लगेच चालू. त्रास सगळा गरम झाल्यावर. परवा कसारा घाट चढताना मिसिंग सुरू झालं, लोड घेईना, आणि इगतपुरीच्या अलीकडे बंदच पडली. या गाडीचं इंजिन केबिनमध्ये, दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली, त्यामुळे तिथे भट्टीच पेटलेली असते. पेट्रोलचा व्हेपर लॉक (उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होणं) आहे की ठिणगीचा दोष, हे बघायला बंद पडल्या पडल्या कॉइलची मेन वायर डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरना ठिणगी वाटणारा डबा) कॅपमधून काढून ब्लॉकजवळ धरली आणि भावाला सेल्फ मारायला लावला. ठिणगी पडत होती, पण पिवळट, मरतुकडी. निवल्यावर तीच निळी, टणटणीत.

पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे दोन संपर्क) काढले तर एकावर बारीक टेकडी आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा. पॉइंट आणि त्यांना जळू न देणारा कंडेन्सर दोन्ही अलीकडेच बदललेत. मिस्त्री म्हणतो, कंडेन्सर आता पहिल्यासारखे येतच नाहीत. म्हणून पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं मनात आहे. पण ऑनलाइन दिसणारी किट अमेरिकन जीपच्या नावाने आहेत, ती चालतील का? कॉइल तीच ठेवू? आणि गाडीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. स्लोला लाइट लावले की अँपिअरचा काटा मायनसला जातो. किटमधल्या मॉड्यूलला (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) ते सोसेल का? बॅटरी १२ व्होल्ट, मायनस अर्थ.

लेथवाला_सातपूर:
दादा, किटची ऑर्डर आत्ताच टाकू नका. कॅप काढा, रोटर (आत फिरणारा तुकडा) धरून आडवा हलवून बघा. मग इंजिन हाताने फिरवून कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटमधला गॅप मोजा, एकाच टोकावर नाही. चारही ठिकाणी सारखा यायला हवा.

पंचवटीकर:
बघितलं. दोन टोकांवर २० थाऊ (इंचाचा हजारावा भाग), तिसऱ्यावर १७, चौथ्यावर जेमतेम १५. रोटर आडवा हलतो, डोळ्याला दिसतो.

लेथवाला_सातपूर:
मग डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश गेलाय. गरम झाल्यावर बंद पडण्याचं खापर कंडेन्सरवर किंवा कॉइलवर फोडा, पण एरवीचं मिसिंग या बुशचं आहे. गॅप बदलला की त्या सिलिंडरचं टायमिंगही बदलतं. मॅग्नेटवाल्या किटला (पॉइंटऐवजी मॅग्नेटची रिंग आणि सेन्सर) हा प्ले पॉइंटइतका जाचत नाही हे खरं, पण फार असला तर मॅग्नेटची रिंग सेन्सरला घासते, आणि किट फुकट जातं. अंबड एमआयडीसीत कुठल्याही चांगल्या लेथवर गनमेटलचा बुश करून मिळेल. शाफ्ट झिजलाय का तेही त्याच वेळी मोजून घ्या.

जुनं_लोखंड:
किट इंजिन बघून घ्यायचं नसतं, डिस्ट्रिब्युटर बघून घ्यायचं. अमेरिकन जीपला ऑटो-लाइटचा असतो, आपल्याकडच्या गाड्यांना बहुतेक लुकास-टीव्हीएसचा. बॉडीवरचा नंबर घासून वाचा आणि त्या नंबरला बसणारं किट शोधा.

कॉइलची दोन बारीक टर्मिनल मल्टिमीटरने मोजा, थंड असताना आणि गाडी तापल्यावर. चार सिलिंडरच्या साध्या किटला साधारण ३ ओहमची कॉइल लागते. दीड ओहमची असली तर मॉड्यूल जळतं. मध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा) असेल तर किटची लाल वायर त्याच्या आधीच्या, चावीच्या बाजूला द्या, म्हणजे मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट मिळतील. काळी कॉइलच्या मायनसला. पॉइंटचा कंडेन्सर काढून टाका. तांब्याच्या प्लग वायर असतील तर कार्बन कोअरच्या टाका, नाहीतर सेन्सर गोंधळतो. शेवटी टायमिंग लाइट लावून ५ डिग्रीवर परत सेट करा, पॉइंटचं जुनं सेटिंग उपयोगाचं नाही. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसायचं नाही, त्यानेही मॉड्यूल जळतं.

डायनॅमोची काळजी नको, स्लोला बॅटरी सांभाळून घेते. व्होल्टेज खरं पडतं ते सेल्फ मारताना. तेव्हा बॅटरीवर मीटर लावा. १० च्या खाली जात असेल तर आधी केबल आणि इंजिन-चॅसिसची अर्थिंगची पट्टी बदला.

ओझरकर_काका:
माझं मत वेगळं आहे. बुश नवा टाका, चांगला कंडेन्सर मिळवा, पॉइंट आणखी कितीही वर्षं चालतील. तरी किट बसवायचंच असेल तर जुनी बेसप्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट गॅप लावून खणात ठेवा. घाटात मॉड्यूल गेलं तर ते कुठल्याच टपरीवर मिळणार नाही. प्लेट स्क्रू ड्रायव्हरने बदलून घरी येता येतं.

पंचवटीकर:
काका, प्लेटचं पटलं, ती ठेवतोच. नंबर घासून बघितला, लुकासचाच आहे. कॉइल थंड असताना ३.१ ओहम, तापल्यावर ३.४. शनिवारी डिस्ट्रिब्युटर अंबडला देतोय, किट त्यानंतर. एक राहिलं: कॉइल इंजिनच्या डोक्यावर तापत बसते. ती झाकणाबाहेर केबिनच्या भिंतीला हलवली तर मेन वायर हातभर लांब होईल. चालेल का?

जुनं_लोखंड:
चालेल. फक्त वायर कुठे पत्र्याला घासू देऊ नका, आणि कॉइलचा पट्टा घट्ट आवळा.